ताई-दादाच्याच शाळेत धाकट्याचा प्रवेश: सोलापूरच्या पालकांसाठी

थोरल्याला शाळेत घालताना घरात मोठी गडबड असते. दोन-चार शाळा बघून होतात, शेजारीपाजारी विचारून होतं, प्रत्येक कागदाच्या झेरॉक्स वेगळ्या पिशवीत तयार असतात, आणि पहिल्या दिवशी आईवडील दोघंही कामावर खाडा करून शाळेच्या फाटकाशी उभे असतात. दोन-तीन वर्षांनी धाकट्याची पाळी येते तेव्हा ही सगळी तयारी एका वाक्यात आटोपते: "त्याची ताई आहे की तिथं."

पहिलीचा वर्ग सांभाळताना मी हे दर जूनमध्ये पाहत आले आहे. शाळा आईवडिलांच्या ओळखीची असते, ताईच्या ओळखीची असते. वर्गात येऊन बसलेल्या त्या लेकराला मात्र ती पूर्ण नवी असते. म्हणून माझं पहिल्यापासून एकच सांगणं आहे: धाकट्याचा प्रवेश हा घरातला पहिलाच प्रवेश आहे असं समजून करा. जानेवारीपासून काय काय करायचं ते खाली क्रमानं लिहिलं आहे.

१. जानेवारी: आधी वय मोजा

महाराष्ट्रात पहिलीत बसायला त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. जून २०२६ मध्ये पहिलीत घालायचं तर जन्म ३१ डिसेंबर २०२० किंवा त्याच्या आधीचा हवा. नर्सरीला हीच तारीख धरून तीन वर्षं पूर्ण लागतात.

भावंडांच्या बाबतीत इथंच घाई होते. दोघं एका रिक्षात जातील, एका वेळेला परत येतील, आपली एक खेप वाचेल, या हिशेबानं नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मलेलं मूल साडेपाचाव्या वर्षीच पहिलीत बसवलं जातं. नियमात ते बसतं. पण त्याच वर्गात त्याच्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठी मुलं असतात, आणि या वयात एका वर्षाचा फरक पेन्सिल धरण्यापासून शेजारच्याशी भांडण मिटवण्यापर्यंत सगळीकडे दिसतो. अशा मुलाला आणखी एक वर्ष बालवाडीत किंवा मोठ्या गटात राहू द्यावं, असं माझं मत आहे. रिक्षाची खेप हे घाई करण्याचं कारण होऊ शकत नाही.

२. जागा धरून चालू नका

मोठं भावंड शाळेत आहे म्हणून धाकट्याला जागा आपोआप मिळते, असा कायदा नाही. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत अडचण येत नाही, तिथं जवळपासच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. खासगी शाळांपैकी काही भावंडांना प्राधान्य देतात, काही फीमध्ये सवलतही देतात, पण तो त्या त्या शाळेचा स्वतःचा नियम असतो आणि तो बदलू शकतो. थोरल्याच्या वेळी होता म्हणून आजही असेल असं नाही. जानेवारीतच ऑफिसात जाऊन फॉर्मची तारीख विचारा, भावंडांसाठी वेगळा फॉर्म आहे का ते विचारा, आणि सवलत असेल तर ती पावतीवर कशी दिसेल तेही विचारून ठेवा.

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये आला. त्यानुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची मुलाखत घेता येत नाही, देणगी मागता येत नाही. "दादा हुशार आहे, याचीही जरा परीक्षा घेऊ" हेसुद्धा त्यात बसत नाही.

थोरलं मूल याच कायद्यानं खासगी शाळांत राखून ठेवलेल्या पंचवीस टक्के जागांवर शिकत असेल तर नीट लक्ष द्या. धाकट्यासाठी ऑनलाइन अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो आणि सोडतीत त्याचं नाव स्वतंत्रपणे लागावं लागतं. वेळापत्रक दरवर्षी पुढंमागं होतं, त्यामुळे जानेवारीपासून पेपर आणि शाळेचा फलक बघत राहा. दुर्बल घटकातून अर्ज करणाऱ्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत उत्पन्नाची अट आहे. वंचित गटातल्यांना ती अट नाही, तिथं जातीचा दाखला लागतो. आपल्या पूर्व भागातला पद्मशाली समाज विशेष मागास प्रवर्गात येतो, म्हणजे वंचित गटात. पण यंत्रमागावर किंवा विड्या वळायला जाणाऱ्या कितीतरी घरांत उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळाला नाही म्हणून अर्जच भरला जात नाही. या प्रवर्गासाठी त्या दाखल्याची गरजच नव्हती, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. सोडतीत नाव लागलं नाही तर दोन भावंडं दोन शाळांत जाणार, याची मनाची तयारी आधीच ठेवा, आणि घरात मुलांसमोर "तुम्ही दोघं एकाच शाळेत" असं निकालाआधी बोलू नका.

३. कागद: थोरल्याचा बोनाफाईड शेजारी ठेवून बघा

जन्मदाखला, आधार, रहिवासाचा पुरावा, फोटो, लसीकरणाचं कार्ड, लागू असेल तर जातीचा दाखला. यादी सगळ्यांना माहीत असते. भावंडांच्या बाबतीत खरं काम पुढंच असतं.

शाळेत नाव दाखल होतं ते जनरल रजिस्टरमध्ये. तिथं जे लिहिलं जाईल तेच पुढं शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येतं, आणि तो दाखला आयुष्यभर लागतो. सोलापुरात एकाच घरात मराठी, कन्नड, तेलुगू वळणाची आडनावं, आणि लिहिणारा प्रत्येक कारकून आपापल्या कानानं लिहिणारा. थोरला "बिराजदार" लागलेला असतो आणि धाकट्याच्या जन्मदाखल्यावर "बिरादार" असतं. वडिलांच्या नावातला "अप्पा" एकाच्या दाखल्यावर नावाला जोडून येतो, दुसऱ्याच्या दाखल्यावरून गळतो. आईचं नाव एकीकडे माहेरचं, दुसरीकडे सासरचं.

म्हणून शाळेतून थोरल्याचा बोनाफाईड, म्हणजे तो त्या शाळेत शिकत असल्याचा दाखला, मागून घ्या आणि धाकट्याचा जन्मदाखला, असेल तर जातीचा दाखलाही, त्याच्या शेजारी ठेवा. आडनाव, वडिलांचं पूर्ण नाव, आईचं नाव आणि जात, हे चार मुद्दे अक्षर अन् अक्षर जुळतात का ते बघा. जुळत नसतील तर वडिलांच्या जुन्या शाळेच्या दाखल्यावर काय आहे ते बघून कोणतं बरोबर ते घरात ठरवा, आणि जन्मदाखल्यात दुरुस्ती लागत असेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात ती प्रवेशाच्या आधी करून घ्या. चूक थोरल्याच्या नोंदीत निघाली तरी ही चांगली वेळ आहे. तो शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं दुरुस्ती होते, शाळा सोडल्यावर ती फार अवघड होऊन बसते. पुढं जात पडताळणीच्या वेळी रक्ताच्या नात्यातल्या लोकांच्या शाळेच्या नोंदी तपासतात. सख्ख्या भावाबहिणींच्या नोंदीत फरक दिसला की वर्षानुवर्षं खेटे पडतात. एवढा त्रास एका दुपारच्या कामानं टळतो.

आधारचंही तसंच. लहानपणी काढलेल्या आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात. पाचवं वर्ष पूर्ण झालं की ठसे आणि फोटो नव्यानं द्यावे लागतात आणि पाच ते सात या वयात त्याला पैसे लागत नाहीत. हे मे महिन्यात उरका. जूनमध्ये आधार केंद्रांपुढं रांगा लागतात.

लसीकरणात पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान एक बूस्टर असतो, डीपीटीचा. थोरल्याला दिला होता हे आठवतं, धाकट्याचं कार्ड उघडूनच बघितलेलं नसतं. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात तो मोफत मिळतो.

आई किंवा वडील विडी कामगार असतील तर केंद्राच्या श्रम मंत्रालयाकडून मुलांना पहिलीपासून शिष्यवृत्ती मिळते. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतो आणि प्रत्येक मुलाचा वेगळा. थोरल्याचा अर्ज चालू आहे म्हणून धाकट्याचं नाव त्यात जात नाही.

४. मार्च-एप्रिल: दोघांच्या वेळा कागदावर लिहा

एक शाळा म्हणजे एक वेळ, हे आता गृहीत धरता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागानं परिपत्रक काढलं की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. लहान मुलांच्या झोपेसाठी हे चांगलंच झालं. पण ज्या शाळा दोन सत्रांत भरतात तिथं थोरली सकाळच्या सत्रात आणि धाकटा नंतरच्या सत्रात, अशी फाटाफूट होते. शनिवारी सकाळची शाळा असली की तेवढ्या एका दिवशी दोघं बरोबर.

एका कागदावर सोमवार ते शनिवार लिहा. प्रत्येक वारापुढं दोघांची जायची वेळ, यायची वेळ आणि तेव्हा घरात कोण असणार ते लिहा. जिथं कुणीच नाही अशी जागा लगेच दिसेल. बहुतेक घरांत त्या जागेवर "थांबेल तो ताईसाठी" असं उत्तर येतं. सहा वर्षांच्या मुलानं सुटल्यावर तासभर फाटकाशी थांबणं हे उत्तर नव्हे. शाळेत वाचनालय किंवा एखादा वर्ग उघडा राहतो का, कुणी मोठं माणूस तिथं असतं का, हे मुख्याध्यापकांना विचारा. सोय नसेल तर येण्याची रिक्षा दोघांची वेगळी करा. पैसे जास्त जातात हे खरं, पण जूनचं सोलापूरचं ऊन बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

रिक्षावाल्या मामांशी बोलताना थोरलीच्या जुन्या व्यवहारात धाकट्याला कोंबू नका. "एकच लेकरू वाढलं" असं म्हणत रिक्षात दप्तरं बाहेर लोंबकळेपर्यंत मुलं भरतात. धाकट्याला बसायला जागा कुठं, हे स्वतः बघा. पुढं ड्रायव्हरशेजारी नाही, हे स्पष्ट सांगा. आणि थोरली आजारी पडून घरी राहिली तर त्या दिवशी धाकट्याला कोण उतरवून घेणार, हेही मामांना आधीच माहीत हवं.

पूर्व भागात, नीलम नगरकडे किंवा विडी घरकुलात बरीच मुलं चालत जातात, आईवडील पहाटेच कामाला लागलेले असतात, आणि थोरल्यालाच धाकट्याचा हात धरावा लागतो. मी याला नावं ठेवणार नाही. फक्त दोन गोष्टी करा. मेच्या शेवटी एकदा खऱ्या शाळेच्या वेळेला दोघांना घेऊन तो रस्ता चाला आणि कुठं ओलांडायचं ती जागा पक्की करा. आणि सत्तर फूट रस्ता किंवा अक्कलकोट रोडसारखा वाहता रस्ता मध्ये येत असेल तर थोरलं मूल दहा वर्षांच्या आत असताना त्याच्या एकट्याच्या भरवशावर ते सोडू नका. गल्लीतल्या चार घरांनी मिळून आळीपाळीनं एक मोठं माणूस त्या चौकापर्यंत पाठवलं तरी भागतं. ऊस वाहतूक सुरू झाली की या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची भर पडते, तेव्हा तर हे हवंच.

५. मे: खरेदी, आणि जुनं काय चालतं

दादाचा जुना शर्ट चालतो. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, धुण्याचा दिवस पाण्याच्या दिवसावर ठरतो, म्हणून गणवेशाचे जोड जितके जास्त तितकं बरं, आणि जुने शर्ट इथं खरंच कामाला येतात. फक्त काज-बटणं तपासा. धुऊन आखडलेल्या काजातून छोट्या बोटांनी बटण निघत नाही आणि लघवीला जायची वेळ आली की मूल रडवेलं होतं. आत थोरल्याचं नाव शिवलेलं असेल तर ते उसवून धाकट्याचं शिवा.

बूट जुने देऊ नका. वर्षभर दुसऱ्याच्या पायानं चाललेला बूट त्या पायाच्या आकाराचा झालेला असतो. नवी पेठेत जाऊन पैसे वाचवायचे तर दप्तरात वाचवा, बुटात वाचवू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते, मेच्या मध्यात गेलात तर दुकानदार मुलाला बसवून माप घेतो.

पुस्तकांत जपून. २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम आला आणि बालभारतीची पुस्तकं बदलली. पुढच्या इयत्तांचीही टप्प्याटप्प्यानं बदलणार आहेत. ताईनं जपून ठेवलेलं पुस्तक गोष्टी वाचायला द्या, दप्तरात घालू नका. अनुदानित आणि सरकारी शाळांत पुस्तकं मोफतच मिळतात. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं. वीस किलोच्या मुलाला दोन किलो, पाण्याची बाटली धरून. रेनकोटाची घाई नको. सोलापूरचा खरा पाऊस ऑगस्ट-सप्टेंबरात. जूनमध्ये टोपी लागते.

आणि काहीतरी एक पूर्णपणे त्याचं, कुणी न वापरलेलं घ्या. डबा घ्या किंवा बाटली घ्या. निवड त्यालाच करू द्या. दुकानात तो दहा मिनिटं लावेल, लावू द्या.

तो डबा घरी आल्यावर खरी तयारी सुरू होते. त्यात रोज दुपारी शेंगाचटणी-चपाती भरा आणि त्याला जमिनीवर बसून एकट्यानं उघडून, खाऊन, बंद करायला लावा. घट्ट झाकणाचे डबे दिसायला छान असतात, पण पहिलीच्या मुलांना उघडत नाहीत. बाटलीचं झाकण, चड्डीची चेन, बुटाचा पट्टा, भारतीय पद्धतीच्या संडासात एकट्यानं बसणं, हे सगळं मेमध्ये जमलं पाहिजे. यातलं जे जमणार नाही त्यासाठी तो शाळेत ताईला शोधत फिरेल.

६. थोरल्याशी बोलणं, हे विसरू नका

प्रवेश धाकट्याचा, पण ज्याची शाळा बदलते तो थोरला. आजवर शाळा ही त्याची स्वतःची जागा होती. घरी तो कुणाचा तरी दादा, शाळेत तो फक्त स्वतः. जूनपासून तिथंही दादा.

एका मधल्या सुट्टीत मी चौथीतल्या एका मुलाला माझ्या वर्गाच्या दाराशी बघितलं. धाकट्याचा डबा उघडून दिला, चटणी एका कडेला सारली, खाली सांडलेलं उचललं, बाटली भरून आणली. मैदानावरून त्याचे मित्र हाका मारत होते, तो हातानंच "या वेळी नाही" अशी खूण करत होता. घंटा झाली तेव्हा त्याचा स्वतःचा डबा काखेत तसाच बंद होता. मी विचारलं तर म्हणाला, "आईनं सांगितलंय, यानं खाल्लं का ते बघ म्हणून." त्या आईचा हेतू वाईट नव्हता. पण तिनं नऊ वर्षांच्या मुलाला शाळेत कामाला लावलं होतं.

म्हणून मेच्या अखेरीस थोरल्याला एकट्याला घेऊन बसा आणि त्याचं काम नक्की किती, ते सांगा. माझ्या मते ते एवढंच असावं: जाताना वर्गाच्या दारापर्यंत सोडायचं, आणि काही लागलं, रडत असला, तर बाईंना सांगायचं. डबा बघायचा नाही, वही बघायची नाही, त्यानं कुणाशी भांडण केलं का हे घरी येऊन सांगायचं नाही. त्याला हेही सांगा की मधली सुट्टी त्याची आहे. आणि त्याला विचारा, धाकट्यानं शाळेत तुला कशी हाक मारलेली चालेल? घरातलं लाडाचं नाव मैदानावर चारचौघांत ऐकणं काही मुलांना नको असतं. हे आधी ठरलं तर पुढची रुसवाफुगवी टळते.

थोरल्याला याचा त्रास होतोय हे तो घरात बोलून दाखवत नाही. तो लवकर निघतो, रिक्षात लांब बसतो, शाळेत ओळख दाखवत नाही. अशा वेळी "भाऊ आहे ना तुझा" असं रागावू नका. काही दिवस त्याच्यावरचं सोडायचं कामही काढून घ्या.

शाळेकडे निरोप, फी, फॉर्म, काहीही थोरल्याच्या हातून पाठवू नका. दोघांच्या डायऱ्या वेगळ्या, व्हॉट्सॲप गट वेगळे. थोरल्याच्या वर्गाच्या गटात आहोत म्हणून धाकट्याच्या वर्गाचा गट राहूनच जातो, आणि आषाढीच्या दिंडीला सगळी वारकरी पोशाखात आली असताना एकटं लेकरू गणवेशात उभं असतं.

७. पहिला दिवस

पंधरा जूनच्या आसपास शाळा उघडतात. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांत त्याआधी शाळापूर्व तयारीचा मेळावा असतो, त्याला मुलाला घेऊन जरूर जा. तो मेळावा खेळासारखा असतो, आणि वर्ग, बाई, नळ, संडास हे सगळं गर्दी नसताना बघून होतं. खासगी शाळेत असा मेळावा नसेल तर एक दिवस मागून घ्या. धाकट्यानं आजवर ताईला आणायला येताना फाटकच बघितलेलं असतं, आतली इमारत नाही.

पहिल्या दिवशी आई किंवा वडील, एकानं तरी यायचंच. थोरल्याच्या वेळी आला होतात. तसं पुन्हा या. गुलाबाचं फूल, औक्षण, फोटो, जे त्याच्या वेळी झालं ते याचंही होऊ द्या. निरोप वर्गाच्या दाराशी घ्या, छोटा घ्या, आणि परत कोण न्यायला येणार तेवढं नक्की सांगून निघा. लपून निघून जाऊ नका.

त्या दिवशी थोरल्याला त्याच्या वर्गात वेळेवर जाऊ द्या. त्याचाही नव्या इयत्तेचा पहिला दिवस असतो.

८. पहिले काही आठवडे: भाषा, आणि सारखं ताईकडे पळणं

सोलापुरात हा भाग इतर शहरांपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. घरी तेलुगू किंवा कन्नड, शाळा मराठी किंवा इंग्रजी माध्यमाची, असं इथं सर्रास असतं. थोरलं मूल तोवर दोन्ही भाषांत सराईत झालेलं असतं आणि नकळत दुभाषी होऊन बसतं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, घरी तेलुगू. बाटलीतलं पाणी संपलं की ती मला काही न विचारता उठायची, व्हरांड्यातून थेट चौथीच्या वर्गात जायची आणि अक्काचा हात धरून "नीळ्ळु" म्हणायची. अक्का गणित अर्धं सोडून उठायची, पाणी पाजायची, परत आणून सोडायची. चौथीच्या बाईंनी सांगितलं तेव्हा कळलं की हे दिवसातून कितीतरी वेळा चाललंय. मुलगी हट्टी नव्हती. पाणी कसं मागायचं ते तिला मराठीत येत नव्हतं आणि जिला येतं ती पलीकडच्या वर्गात होती. मग आम्ही तिच्या आईला बोलावलं आणि पाच वाक्यं ठरवली: पाणी पाहिजे, लघवीला जाऊ का, पोटात दुखतंय, हा मला मारतो, मला कळलं नाही. घरी आठवडाभर खेळातून ती म्हणवून घेतली. अक्का रोज संध्याकाळी बाई व्हायची, ही विद्यार्थिनी. ही पाच वाक्यं मेमध्येच शिकवली असती तर त्या दोघींचा जून सोपा गेला असता.

घरची भाषा बंद करू नका. घरात तेलुगू-कन्नड भरपूर बोला, त्यानं मराठी अडत नाही. फक्त गरजेची वाक्यं तोंडात बसवा.

सुरुवातीला मूल ताईला बघायला पळतंच. बाईंशी बोलून त्याला एक ठरलेली वेळ द्या: प्रार्थनेनंतर एकदा, मधल्या सुट्टीत एकदा लांबून हात करायचा. ठरलेलं आहे म्हटल्यावर मधल्या वेळात ते थांबू शकतं. महिना-दीड महिना झाला तरी सकाळी पोट दुखणं, रात्री दचकणं, शाळेत कुणाशीच न बोलणं चालू असेल तर "ताई असून रडतोय" म्हणून हसण्यावारी नेऊ नका, वर्गशिक्षिकेला वेळ मागून भेटा.

९. "तू प्रणवचा भाऊ ना?"

हे वाक्य आम्ही शिक्षकच बोलतो. मायेनं बोलतो. पण धाकट्याला पहिल्या महिन्यात ते शिपायांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांकडून ऐकावं लागतं, आणि त्याला स्वतःचं नाव सांगायची संधीच मिळत नाही. पुढचं वाक्य ठरलेलं असतं. थोरला हुशार असेल तर "मग तूही पहिला येणार", खोडकर असेल तर "आता हा काय करतोय देव जाणे".

पहिल्या भेटीतच बाईंना सांगा: याचं नाव अमुक, याला चित्रं काढायला आवडतात, मोठ्या आवाजाची भीती वाटते, डाव्या हातानं लिहितो. दादाचं नाव त्या संभाषणात तुम्ही काढू नका. थोरल्याला शिकवलेल्या बाईच धाकट्याला मिळाव्यात असा आग्रह काही पालक धरतात. तुकड्या एकाहून अधिक असतील तर मी उलट सुचवीन, नव्या बाई असू द्या. एकच तुकडी असेल तर बाईंना मोकळेपणानं सांगा की तुलना नको, बहुतेक जणी मनावर घेतात.

घरी दोघांचा अभ्यास एका टेबलावर बसवला तरी दोघांच्या वह्या एकमेकांशेजारी उघडून बघू नका. पालकसभेला दोन्ही वर्गांची वेळ वेगळी मागा. नाहीतर थोरल्याच्या वर्गात अर्धा तास जातो आणि धाकट्याच्या बाईंशी "सगळं ठीक आहे ना?" एवढंच व्हरांड्यात बोलणं होतं. पालक-शिक्षक संघाची किंवा शाळा व्यवस्थापन समितीची निवड असेल तर लहान वर्गाचे पालक म्हणूनही जा. पिण्याचं पाणी, संडासांची सफाई, सुटण्याच्या वेळची फाटकावरची गर्दी हे विषय लहान वर्गांचे आहेत, आणि मोठ्या वर्गांचे पालक ते विसरलेले असतात.

१०. थोरला पाचवीला दुसरीकडे जातो तेव्हा

सोलापुरातल्या कितीतरी प्राथमिक शाळा चौथीला संपतात. दोन भावंडांत दोन-तीन वर्षांचं अंतर असेल तर धाकटा दुसरी-तिसरीत जाताच थोरला प्रशालेत निघून जातो, कधी त्याच आवारातल्या दुसऱ्या इमारतीत, कधी शहराच्या दुसऱ्या टोकाला. इतके दिवस जमलेली घडी एका जूनमध्ये मोडते.

याची तयारी थोरला चौथीत असतानाच, दिवाळीनंतर सुरू करा. थोरल्याच्या जोरावर चाललेली कामं एकेक करून धाकट्याकडे किंवा मोठ्या माणसाकडे द्या: रिक्षाची हाक ऐकून निघणं, डायरी बाहेर काढणं, सुटल्यावर ठरलेल्या जागी उभं राहणं. फेब्रुवारीपासून आठवड्यातला एक दिवस थोरल्याशिवाय जाऊ द्या. त्याच्या वर्गातलं, त्याच गल्लीतलं एखादं मूल सोबतीला मिळतं का बघा आणि त्या घरच्यांशी बोलून ठेवा. शाळेच्या ऑफिसातल्या नोंदीत तातडीच्या वेळी कळवायचा फोन थोरल्याच्या प्रवेशाच्या वेळचा असेल तर तो बंद पडलेला असण्याची शक्यता मोठी. धाकट्याच्या नावापुढं आजचा नंबर लिहून घ्या, आणि दुसरा नंबर आजी, मावशी किंवा शेजारी, जे कुणी दुपारी खरंच फोन उचलतं, त्यांचा द्या.